‘नवा जंतू सापडला’ म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानवी आतड्यात नवा जीवाणू आढळल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. असा विषय छापल्याबद्दल आभार. मात्र ‘नवा जंतू सापडला’ या मथळ्यामुळे काल-परवा पोटात काहीतरी शिरले, असा वाचकाचा समज होतो. तो जीवाणू आतड्यात आधीपासूनच असतो, नवी असते ती त्याची नोंद. ती होण्यासाठी काय सिद्ध करावे लागते, यावर बातमीत एक ओळही नव्हती. बरीच वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवल्यामुळे ही उणीव मला जरा जास्तच टोचली.

उदाहरण पुण्यातच आहे. लांजेकर, मराठे, शौचे, रानडे आदी संशोधकांनी निरोगी माणसांच्या मलातून वेगळ्या केलेल्या जीवाणूचे ‘मेगास्फेरा इंडिका’ या नावाने २०१४ साली वर्णन केले. हे जीवाणू प्राणवायूत वाढत नाहीत. त्यामुळे पोषक माध्यमातला प्राणवायू काढून, नळीत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरून ती रबरी बुचाने बंद करावी लागते. माध्यमात रेझाझुरिन नावाचे रंगद्रव्य घालतात. प्राणवायू शिल्लक असेल तर ते गुलाबी दिसते, गेला की रंग उडतो. बुचातून सुई घालताना हात चुकला आणि नळी गुलाबी झाली की ती बाजूला ठेवायची व नवी घ्यायची. ज्याने हे केले आहे त्याला ‘सापडला’ हे क्रियापद फारच हलके वाटते.

पुढचा भाग अधिक चिकट. जीवाणूची ओळख पटवण्यासाठी आधी १६ एस आरआरएनए हे डीएनएच्या सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक वाचतात, आणि ज्ञात जातीशी साम्य साधारण ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी निघाले तर जाती नवी असण्याची शक्यता धरतात. पुण्याच्या जीवाणूचे साम्य मेगास्फेरा एल्सडेनी या, मेंढीच्या पोटातून मिळालेल्या व पूर्वीच माहीत असलेल्या जातीशी ९९ टक्क्यांहून अधिक होते. तेवढ्यावर थांबले असते तर ‘जुनाच आहे’ म्हणून नमुना कपाटात गेला असता. मात्र दोन्हींचे संपूर्ण डीएनए एकमेकांशी किती जुळते हे पाहिल्यावर ते साम्य एका जातीसाठी मानलेल्या ७० टक्क्यांच्या बरेच खाली आले, तर दोन वेगळ्या व्यक्तींकडून मिळालेले नमुने आपापसात त्या मर्यादेच्या वर जुळले. आज हेच काम संपूर्ण जनुकसंच वाचून करतात आणि साम्याची सुमारे ९५ टक्क्यांची रेषा धरतात.

(जाता जाता : वनस्पतिशास्त्राच्या मराठी लेखनात जीनसला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, ‘प्रजाती’ आणि स्पीशीजला ‘जाती’ म्हणण्याची रीत आहे. वृत्तपत्रांत दोन्हींना ‘प्रजाती’ म्हणतात, त्यामुळे नवे नेमके काय, हेच कळत नाही.)

नाव अधिकृत ठरण्यासाठी नुसता शोधनिबंध पुरत नाही. जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतील, जीवाणू जपून ठेवणाऱ्या संग्रहालयांत ठेवावा लागतो, म्हणजे शंका असणाऱ्याला तो मागवून तपासता येतो. याउलट, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मानवी आतड्यातील जीवाणूंच्या जागतिक यादीत ४,६४४ जाती होत्या आणि त्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कोणीही प्रयोगशाळेत वाढवलेल्या नव्हत्या. त्या केवळ डीएनएच्या तुकड्यांवरून संगणकावर जुळवलेल्या आहेत. ते कामही मोलाचे आहे, पण नळीतला जीवाणू आणि संगणकावरचा जनुकसंच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बातमीतला ‘नवा’ यांपैकी कोणता, हे वार्ताहराने एका वाक्यात विचारून लिहिले असते तर बातमी दुप्पट उपयोगाची झाली असती. ‘लठ्ठपणा व मधुमेहावर गुणकारी ठरणार’ हे वाक्य मात्र वगळता आले असते. ओळख पटवण्याच्या कामातून तसा निष्कर्ष निघत नाही.

शेवटी एक दुरुस्ती. बातमीसोबत छापलेला काटेरी गोळा जीवाणूचा नव्हे, विषाणूचा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे