मादाम, तुमच्या गुरुवारांसाठी

प्रिय मादाम,

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण मनातलं नीट याच भाषेत उतरतं. तुम्हाला मी ते फ्रेंचमध्ये वाचून दाखवेनच. पण बोर्दोत एका मराठी माणसासाठी तुम्ही काय केलंत, हे आमच्या माणसांनाही कळायला हवं.

लहानपणी गाण्याच्या क्लासला जायचो. बाकीची मुलं काळी दोनमध्ये आरामात गायची, माझा आवाज तिथे पोचायचाच नाही. "आवाज जड आहे, वर जात नाही," हे इतक्यांदा ऐकलं की गाणंच सुटलं. पुढे कितीतरी वर्षांनी आपल्या इमारतीच्या जिन्यात गुणगुणताना तुम्ही मला थांबवलंत, विचारलंत, "बॅरिटोन?" (म्हणजे ना फार उंच, ना फार खोल असा पुरुषी आवाज) आणि घरात नेऊन फ्रेंच संगीतकार गाब्रिएल फोरेंची शेवटची गीतमालिका पियानोवर उघडलीत, 'लोरिझों शिमेरिक'. म्हणालात, "हा आवाज असाच हवाय. आणि कवी याच गावचा आहे."

झां द ला व्हिल द मीरमों. बोर्दोत जन्मला, बंदरातली जहाजं बघत वाढला, १९१४ च्या नोव्हेंबरात आघाडीवर मारला गेला, वय २७. कविता छापून आल्या त्या १९२० मध्ये. पुढच्याच वर्षी फोरेंनी त्यातल्या चार निवडून चाली लावल्या. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते आणि कान पार गेलेले. नुसतं कमी ऐकू येत नव्हतं, तर खालचे स्वर वर सरकलेले आणि वरचे खाली उतरलेले ऐकू यायचे. हे तुम्ही सांगितलंत त्या दिवशी मला पुढे गाताच आलं नाही. मालिका त्यांनी शार्ल पान्झेरा या तरुण बॅरिटोनला अर्पण केली. १३ मे १९२२ ला त्यानेच ती पहिल्यांदा गायली, पियानोवर त्याची बायको होती. आदल्याच दिवशी फोरेंना ७७ वर्षं पूर्ण झाली होती.

चारही गाणी मिळून जेमतेम आठ मिनिटं. आपल्याला, दर गुरुवारी बसून, सात महिने लागले.

त्यातले दोन महिने तर चौथ्या गाण्यातच गेले. सूर्यास्ताने इतकी शिडं नेली की बंदर ओसाड झालं, अशा अर्थाची ओळ आहे. तिथे 'कूशां' आणि 'तां' हे शब्द मी 'कूशान', 'तान' असे म्हणायचो. तुम्ही नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायचात, जीभ वर नको, टाळूला लागायला नको. एका गुरुवारी मला मालवणची आजी आठवली. तिचं "खंय गेल्लंस?" त्या 'खंय'मध्ये न कुठेच नाही, स्वरच नाकातून जातो. तसं म्हटलं आणि तुमचे हात पट्ट्यांवरून उचलले गेले. "वोआला!" आजीचा उच्चार फोरेंच्या गाण्यात चालला, याचा आनंद मी कुणाला सांगू?

तिसरं गाणं, 'दियान, सेलेने', चंद्राचं. त्यात पियानो जवळजवळ काहीच करत नाही, संथ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, ठेवत जातो. मला वाटायचं इथे भाव ओतावा. तुम्ही म्हणालात, चंद्र शांत आहे, अस्वस्थ आहे तो बघणारा, तेव्हा आवाज ढळू देऊ नका. माझ्या मते अख्ख्या मालिकेत हेच सगळ्यात अवघड. त्या संध्याकाळी शार्त्रोंच्या नदीकाठच्या धक्क्यावरून घरी आलो. मालाची जहाजं आता शहरात लागत नाहीत, नदी नुसती वाहत होती. तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळेच या बंदराला चंद्राचं बंदर म्हणतात, हे तेव्हा कुठे डोक्यात उतरलं.

परवा तुमच्या दिवाणखान्यात, चौदा माणसांसमोर, शेवटच्या ओळीत मला श्वास कमी पडला. तुम्ही बघितलंही नाहीत माझ्याकडे. साथ किंचित पुढे सरकली आणि मी काठाला लागलो. कुणाला कळलं नाही. मला कळलं. मादाम, मनापासून आभार.

तुमची प्रत अजून माझ्याकडेच आहे. पेन्सिलीच्या खुणा माझ्या प्रतीत उतरवून घेतल्यात, गुरुवारी आणून देतो. दुसऱ्या गाण्याच्या शेवटी समासात काहीतरी लिहिलंय ते मात्र लागलं नाही, तेवढं वाचून सांगा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा बॅरिटोन