चांदीचे पाणी : कण वेगळे, आयन वेगळे

औषध म्हणून पिण्यासाठी मिळणाऱ्या ‘चांदीच्या पाण्या’वर रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखात नितळ द्रावणाला ‘चांदीचे सूक्ष्म कण’ म्हटले आहे, ते पटले नाही. धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतील, तर पाणी सहसा पिवळसर दिसते आणि अंधारात टॉर्च धरली की झोताची रेघ स्पष्ट उमटते. बिनरंगी बाटलीत बहुधा असतात ते विरघळलेले आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू. शेजाऱ्यांनी आणलेल्या अशाच एका बाटलीतले थोडे पाणी मी पेल्यात घेतले आणि चिमूटभर मीठ टाकले. बघता बघता ते दुधाळ झाले. हा गढूळपणा सिल्व्हर क्लोराइडचा, म्हणजे चांदीचे आयन आणि मिठातले क्लोराइड यांच्या न विरघळणाऱ्या संयुगाचा. आमच्या खाडीकाठच्या मचूळ विहिरीच्या पाण्यातही हेच होईल, आणि जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लातही; दोन्हींत क्लोराइड असते.

पोटात घेण्यासाठी मात्र दोन्ही प्रकार नकोतच. अशी औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केले आहे. दीर्घकाळ सेवनाने त्वचा निळसर-करडी पडू शकते आणि तो रंग सहसा जात नाही. लेख वाचून कोणी लहान मुलांना हे पाणी पाजण्याआधी कृपया खुलासा छापावा.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, मालवण