महिन्यातून एक रविवार इमारतींना द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका ज्येष्ठ वाचकाचे पत्र आले होते. गोव्याची संस्कृती जुन्या घरांत, देवळांत आणि चर्चमध्ये आहे, मुक्तीनंतर जे बांधले गेले ते सारे निव्वळ काँक्रीट, असा त्यांचा सूर होता. पत्र तळमळीचे होते आणि डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या वसाहतींविषयी त्यांनी जे लिहिले त्यातल्या एकाही शब्दाशी माझा वाद नाही. पण मी धंद्याने आर्किटेक्ट, राहते फोंड्याला, आणि चांगले-वाईट सगळे काँक्रीट एकाच पोत्यात भरलेले पाहून राहवले नाही.

मी शिकले पणजीत, आल्तिनोवरच्या वास्तुकला महाविद्यालयात. टेकडी उतरून कांपालला कला अकादमीत जायचे ते आधी खाण्यासाठी. तिथल्या कँटीनमधला भाजी-पाव आणि मिरचीभजी खिशाला परवडायची आणि एका चहावर कितीही वेळ बसले तरी कोणी उठवत नसे. इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची, १९८३ साली पूर्ण झालेली, हे ठाऊक होते, पण परीक्षेपुरते. खरी ओळख झाली ती रोज जाऊन-येऊन. रस्त्यावरून आत शिरताना भलामोठा दरवाजा नाही की जिन्याचा डामडौल नाही. डोक्यावर काँक्रीटच्या तुळयांचा मांडव सुरू होतो, ऊन पट्ट्यापट्ट्यांनी अंगावर पडते आणि आपण अजून बाहेर आहोत की आत आलो हे ठरायच्या आधीच पलीकडे मांडवी दिसू लागते. वर पाहावे तर चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटोळीची चौकट. फक्त तवशी, नारळ आणि सुपारीचे घोस टांगायचे राहिलेले.

आतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांनी भिंतींवर जुन्या नाट्यगृहातले सज्जे रंगवले, त्यांत नटूनथटून बसलेले गोंयकार प्रेक्षक रंगवले. मराठी नाट्यस्पर्धेत भर दुपारच्या एखाद्या प्रयोगाला खाली खुर्च्या रिकाम्या असायच्या, भिंतीवर मात्र हाऊसफुल्ल! माझ्या मावशीचा तर त्यातल्या एका जाड्या बाईवर राग होता, म्हणे ती नाटक सोडून सारखी आपल्याकडेच बघते.

जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. तेव्हा सगळ्या वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरून आले: खर्च, कंत्राट, चौकशी, आरोप-प्रत्यारोप. यायलाच हवे होते. पण ही इमारत अशी का बांधली, नाटक नसतानाही लोक तिथे जाऊन का बसत, हे सांगणारा मजकूर मी शोधत राहिले. माझ्या कात्रणांच्या फायलीत कंत्राटाविषयी जाडजूड गठ्ठा आहे, वास्तूविषयी फार तर दोन-चार कपटे.

पत्रलेखक महोदयांच्या यादीत मंगेशी आहे, म्हणून एक विचारते. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून आमच्या अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आला आणि आज दिसते ते देऊळ पुढे टप्प्याटप्प्याने आकाराला आले. गर्भागारावर उंच शिखर नाही, घुमट आहे. खिडक्यांच्या कमानी आणि सभामंडपातली झुंबरे सरळ युरोपीय वळणाची. पुढ्यात सात मजली दीपमाळ. त्या काळी वृत्तपत्रे असती तर 'देवळावर घुमट? ही आमची संस्कृती नव्हे' असे पत्र एखाद्या ज्येष्ठ वाचकाने नक्की पाठवले असते. आज आम्ही त्याच घुमटाला हात जोडतो आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो.

बरे, नवे बांधणारे कोणी परके होते म्हणावे तर तेही नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडून पुढे गेले की मालवण तालुक्यात आचरे लागते. गावपळणीचे गाव. दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्या घालून राहतो. अच्युत कानविंदे १९१६ साली या आचऱ्यात जन्मले. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, हार्वर्डला आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन त्यांनी कानपूरची आयआयटी उभी केली. मी ती पाहायला गेले ती ऐन मे महिन्यात, शहाण्या माणसाने जाऊ नये अशा वेळी. पण एका विभागातून दुसऱ्या विभागात नेणाऱ्या त्या लांबच लांब छपराखालच्या वाटांचे मोल कळायला मेच हवा. विटा उघड्या, काँक्रीट उघडे, गिलाव्याचा साज नाही आणि सावली मात्र हवी तिथे हजर. झोपड्यांत तीन दिवस काढणाऱ्या गावचा हा माणूस, तेव्हा आडोसा किती लागतो आणि कुठे लागतो हे त्याला कॉलेजात शिकावे लागले नसेल, असा माझा आपला तर्क.

तसेच बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्याचा, १९२७ चा, घरचा धंदा फर्निचरचा. वास्तुकलेतले सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक २०१८ मध्ये मिळवणारे ते पहिले भारतीय. अहमदाबादेत त्यांनी स्वतःच्या कामासाठी बांधलेले 'संगाथ' पाहायला मी गेले आणि तिथून निघायचे नाव घेईना. इमारत अर्धी जमिनीत उतरलेली, वर लांबट अर्धगोल छपरे आणि ती पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेली. ऊन छपरावरूनच परत जाते. पावसाचे पाणी पन्हळींतून खेळत खाली येते. छपरे हाताला लागतील इतकी खाली येतात. मी तुकड्यांवरून हात फिरवला आणि आमच्या आजोळचा सोपो, म्हणजे ओसरी, डोळ्यांपुढे आला. लाल सिमेंटात बसवलेल्या फुटक्या बश्या, निळी किनार तुटून तुटून धावणारी, एका तुकड्यावर अर्धा गुलाब. लहानपणी त्या गुलाबाचा उरलेला अर्धा भाग आम्ही पोरे साऱ्या सोप्यावर शोधत असू. तो सापडला नाही. पण फुटकी बशी टाकायची नसते, ती जमीन थंड ठेवते आणि पुसायला सोपी जाते, हे आजीला आणि दोशींना दोघांनाही माहीत होते. यातले जुने कोणते आणि नवे कोणते?

खाण्याविषयी पुन्हा लिहिले नाही तर हे पत्र माझे आहे यावर घरचे विश्वास ठेवणार नाहीत. नवे गाव पाहायचे तर मी इमारत आणि जेवण वेगळे काढत नाही. अहमदाबादचा माणेकचौक दिवसा सराफांचा. रात्री दुकाने मिटली की त्याच जागेवर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत गर्दी हटत नाही. एकाच जागेचा दोनदा उपयोग कसा करावा, हे मी तिथे पावभाजी खाताना शिकले. जयपूरला कोरियांचेच जवाहर कला केंद्र आहे. नऊ चौकांची मांडणी, त्यातला एक चौक मुद्दाम बाजूला सरकवलेला, कारण जुन्या जयपूर शहराच्या आराखड्यातही तसाच एक सरकला आहे. तिथे इंडियन कॉफी हाऊस आहे. डोसा खाऊन चौक हिंडावेत, दमले की पुन्हा कॉफीला यावे.

माझ्याकडे उमेदवारीला येणाऱ्या मुलांना मी आधी कला अकादमीत नेते, मग घरी जेवायला आणते. एका अमरावतीच्या मुलीने खतखत्यातले, म्हणजे आमच्या मिश्र भाजीतले, तिरफळ सुरणाच्या फोडीबरोबर कचकन चावले आणि पुढची पंधरा मिनिटे तिला तोंडात जीभ आहे की नाही तेच कळेना. ही मुले हुशार असतात. संगणकावर काहीही उभे करतात. पण पाऊस कोणत्या बाजूने मारतो हे विचारले की खिडकीबाहेर बघतात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आजोबांच्या वेळी मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागायच्या आत भिंतींना चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झापे बांधून होत. आता सपाट स्लॅब घालतात, तो गळू लागला की वर पत्रे ठोकतात. पश्चिमेला आख्खी काच बसवतात, मग पडदे ओढून, दिवे लावून, एसी चालवून आत बसतात. पत्रलेखकांचा राग यावर असेल तर माझी सही घ्या. याला आधुनिक म्हणायला मीच तयार नाही.

आता मुद्द्याचे. आपल्या रविवार पुरवणीत जुन्या गोव्यावर, देवळांवर, पाककृतींवर नेमाने येते आणि मी ते नेमाने वाचते. पातोळ्यांवरचा लेख तर कापून फ्रिजवर लावला आहे. त्याच पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धे पान मुक्तीनंतरच्या एखाद्या चांगल्या इमारतीला द्यावे. सुरुवात कला अकादमीपासून. मग दोनापावलाकडचे कोरियांचे सिदाद द गोवा. हॉटेल असल्याने खिसा चाचपावा लागेल, पण एक चहा निघतो. मग तोर्डा येथे जेरार्ड दा कुन्हा यांनी रस्त्यांच्या बेचक्यातल्या तिकोनी जागेवर चिऱ्यांत बांधलेले 'हाऊसेस ऑफ गोवा' संग्रहालय. पुढची नावे वाचक सुचवतीलच, भांडतीलही.

लेखात अलंकार नकोत. कोणी बांधले, कशात बांधले, पावसाचे पाणी कुठे जाते, दुपारी दिव्याशिवाय वाचता येते का, आणि जवळपास खायला काय मिळते, एवढे आले की पुरे. शाळांच्या सहली मंगेशीला आणि जुन्या गोव्याला जातातच. तेच कात्रण हाती असेल तर एखादी बाई परतीच्या वाटेवर बस कांपालला थांबवील.

पहिला लेख कोणी लिहायचा अशी अडचण असेल तर मी लिहून देते. मानधन नको. छायाचित्रकार मात्र तुमचा पाठवा, माझ्या फोटोंत सगळ्या इमारती कललेल्या येतात आणि आर्किटेक्टच्या नावावर ते बरे दिसत नाही.

आपली नम्र,
एक वास्तुविशारद वाचक, फोंडा