आजोबांच्या घड्याळाची चूक नव्हती

ती. रेडिओवाल्या काकांना,
शि. सा. नमस्कार.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत तुमच्या टेबलावर पिशवी ठेवली, तेव्हा तुम्ही रेडिओकडे बघायच्या आधी विचारलंत, "घरी प्लग लावून पाहिलास का?" नाही म्हटल्यावर मग चहा सांगितलात.

आजोबांनी १९६१ साली शिकागोहून येताना आणलेला जनरल इलेक्ट्रिकचा घड्याळ-रेडिओ. जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाने मला तो '१९३०च्या आसपासचा' म्हणून सांगितला होता. तुम्ही भिंगातून डायलवरचे दोन इवले त्रिकोण दाखवलेत, ६४० आणि १२४० किलोहर्ट्झपाशी. शीतयुद्धात हल्ल्याची सूचना ऐकायच्या त्या जागा; १९५३ ते १९६३ मधल्या अमेरिकन सेटांवरची ती खूण. किंमत विचारली, तर तुम्ही हसलात. असे ढिगाने बनले, त्यात कोपऱ्याला तडा. "विकायला आणलायस की ठेवायला?" हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

आत पाच व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या, दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले. एकाचा फिलामेंट गेला की पाचही गप्प. ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे चासीत, आतल्या धातूच्या सांगाड्यात, थेट लाइनचा करंट येऊ शकतो. मेण लावलेले कागदी कंडेन्सर गळके, म्हणजे नको तिथे करंट सोडणारे. मी उत्साहाने प्लग लावला असता तर हे पत्र लिहायला उरलो असतो की नाही, कोण जाणे. तुम्ही कंडेन्सर आणि वायर तेवढी बदललीत, घड्याळाच्या सीलबंद मोटरीतल्या वाळलेल्या तेलाचा बंदोबस्त केलात. पॉलिश मारू दिलं नाहीत. तड्यालाही हात लावला नाहीत.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. आमच्याकडे कुणाला उशीर झाला की, "आजोबांच्या घड्याळाने आलास का?" असं विचारतात. ते घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडायचं. आजी शेवटपर्यंत म्हणायची, यांना तिकडे कुणीतरी फसवलं. तुम्ही सहज बोलून गेलात, की ही मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते, अमेरिकेत सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. साठ मिनिटांत ती पन्नासच चालणार! घरी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आईला सांगायला हवं होतं."

काढलेले कंडेन्सर तुम्ही पाकिटात घालून, वर पेन्सिलने तारीख टाकून परत दिलेत, ते रेडिओच्या खालीच ठेवलंय. तुमचा वेगळा ट्रान्सफॉर्मर लावूनच सुरू करतो, आणि घरात कुणी असेल तेव्हाच. ६० आवर्तनांची वीज देणारा इन्व्हर्टर मिळतो म्हणालात, तो मात्र नको. काल सहाला घड्याळ लावलं. सात वाजता त्यात सहा पन्नास झाले होते, आणि बाबा समोर खुर्ची टाकून बसले होते.

आपला,
पिशवीतून रेडिओ आणणारा