‘पान लागलं’ की पडद्यावर काय दिसतं? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोकरीला 21 वर्षं झाली. साप चावला की आमच्याकडे ‘पान लागलं’ म्हणतात. सर्पदंशाबद्दलचं हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता आपल्याला का लिहिते, ते आधी सांगते. सापाच्या विषावरची लस आमच्या फ्रीजमध्ये असते, डॉक्टर असतात, 108 ची गाडी येते. पण रुग्ण आमच्या दारात पोचेपर्यंत त्याच्यावर एक उपचार आधीच झालेला असतो, आणि तो घरच्यांनी टीव्हीवर पाहिलेला असतो. टीव्ही आपल्या खात्याकडे आहे.

मागच्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, संध्याकाळी सातच्या सुमारास एका 14 वर्षांच्या मुलाला रिक्षातून आणलं. बांधावर घोणस चावली होती. गुडघ्याखाली नायलॉनची दोरी, त्या दोरीत काठी घालून दिलेला पीळ, वरून टॉवेल घट्ट आवळलेला. पाय जांभळा पडला होता. दंशाच्या जागी ब्लेडने दोन चिरा मारलेल्या, आणि त्यांतून येणारं रक्त थांबत नव्हतं. मोठा भाऊ दाराशी उभा राहून सारखा थुंकत होता. मला म्हणाला, “सिस्टर, मी चोखून काढलंय. बरंचसं विष निघालं असेल ना?” हे कुणी सांगितलं, असं विचारलं तर त्याने एका मालिकेचं नाव घेतलं. त्यात नायक असंच करतो आणि नायिका डोळे उघडते. हा मोठा भाऊ बारावी सायन्सला होता.

त्या भावाला मी दोष देत नाही. त्याने स्वतःच्या जिवाची पर्वा केली नव्हती. पण दोरी शोधणं, ब्लेड आणणं, चोखणं यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात रिक्षा आमच्या फाटकात पोचली असती.

पुढे काय झालं ते सविस्तर सांगते, कारण हे पडद्यावर कधी दिसत नाही. आम्ही दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेतलं आणि नळी न हलवता 20 मिनिटं उभी ठेवली. मग ती तिरकी केली. निरोगी माणसाचं रक्त एवढ्या वेळात गोठून घट्ट बसतं. त्या मुलाचं रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटकच संपवून टाकतं. अशा माणसाच्या पायावर ब्लेड मारणं म्हणजे थांबणारच नाही अशी जखम करून ठेवणं. त्या चिरा दुसऱ्या दिवसापर्यंत झिरपत होत्या. चोखून विष निघत नाही, कारण ते दातांनी खोल सोडलेलं असतं आणि लगेच पसरू लागतं. आणि दोरी? ती आम्हांला कात्रीने सरळ कापताही येत नाही. एकदम सोडली तर अडून राहिलेलं विष एका झटक्यात अंगभर जाऊ शकतं. आधी सलाईन लावायचं, लस आणि अ‍ॅड्रिनलिन (लसीची रिअ‍ॅक्शन आली तर द्यायचं इंजेक्शन) हाताशी ठेवायचं, मग ती हळूहळू सैल करायची. तोवर पायाचा रक्तपुरवठा बंदच.

मुलगा वाचला. मूत्रपिंडावर परिणाम झाल्यामुळे त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी डायलिसिसला पाठवावं लागलं. शाळेचे दोन महिने बुडाले.

महोदय, चुकीचा उपचार दाखवणं हे वाईट आहेच. पण मला त्याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. साप चावला हे ओळखायचं कसं, तेही लोक पडद्यावरूनच शिकले आहेत. मालिकेत दोन ठळक लाल ठिपके दिसतात, तोंडाला फेस येतो आणि माणूस निळा पडतो. प्रत्यक्षात मण्यार चावते ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. तिचे दात इतके बारीक असतात की खूण सापडतेच असं नाही. दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या जड होतात.

चार वर्षांपूर्वी अशी एक बाई सकाळी आठ वाजता आली. रात्री तीनला पोटात दुखू लागलं होतं. घरच्यांनी गॅस झाला म्हणून ओवा दिला. सहा वाजता ती म्हणाली, मला दोन-दोन दिसतंय. आमच्याकडे आली तेव्हा पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि मान सावरत नव्हती. एमओ सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, पाहताक्षणी विचारलं, रात्री कुठे झोपली होती? नवरा म्हणाला, “खालीच झोपते. पण साहेब, पान लागलं असतं तर अंग निळं पडलं असतं ना?” लस सुरू केली, 108 बोलावली, श्वास थांबू लागला तशी अ‍ॅम्ब्यू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, लावली. मी गाडीत बसले होते. बॅग दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. मण्यारीच्या रुग्णाला डोळे उघडता येत नाहीत, बोट हलवता येत नाही, पण तो अनेकदा शुद्धीत असतो आणि ऐकत असतो. म्हणून मी सबंध वाटभर तिच्याशी बोलत होते. तिची सहा वर्षांची मुलगी घरी होती, तिच्याबद्दलच बोलत होते. ती बाई गेली. पहाटे चारला आली असती तर वाचली असती, असं मला आजही वाटतं.

2000 ते 2019 या 20 वर्षांत सर्पदंशाने भारतात सुमारे 12 लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यांत चौथा हिस्सा 15 वर्षांखालच्या मुलांचा. जवळजवळ सगळे खेड्यातले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. आपल्याच सरकारने 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं. त्याच वर्षी प्रत्येक सर्पदंशाची नोंद शासनाला कळवण्याची व्यवस्था करा, असं केंद्राने राज्यांना सांगितलं. एक खातं हे करत असताना दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीतल्या वाहिन्यांवर संध्याकाळी साडेसात वाजता दोरी आवळली जाते. हे थांबवणं आपल्या हातात आहे.

भगताचं, म्हणजे मांत्रिकाचं, दृश्य तर ठरलेलं. तो मंत्र म्हणतो, नाग परत येतो, विष शोषून घेतो, मेलेला माणूस उठून बसतो. आमच्या गावांत अजूनही साप चावला की काही घरं आधी भगताकडे जातात. त्याच्याकडे गेलेले पुष्कळ जण बरे होतात हेही खरं, कारण चावलेला साप बहुतेकदा बिनविषारी असतो, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. ते श्रेय भगताला मिळतं. मग खरी घोणस, खरी मण्यार चावते तेव्हाही लोक त्याच वाटेने जातात. महाराष्ट्रात यावर कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं त्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. गावात जे केलं तर पोलीस येतात, ते मालिकेत चमत्कार म्हणून दाखवलं जातं.

आपल्याकडेही नियम नाही असं नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधल्या कार्यक्रम संहितेत, अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मी एका वाहिनीला पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं, की मालिका काल्पनिक आहे आणि तशी सूचना सुरुवातीला दाखवली जाते. ती सूचना मी पाहिली. बारीक अक्षरांत असते आणि वाचून होण्याआधी जाते. शिवाय कथा काल्पनिक आहे हे माझ्या गावातल्या लोकांनाही कळतं. नागीण माणसाचं रूप घेत नाही, हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण दोरी बांधण्याच्या दृश्यात काल्पनिक काहीच दिसत नाही. दोरी खरी असते, पाय खरा असतो, आणि घरात पांढरा कोट घालून आलेला डॉक्टरसुद्धा मान डोलावून म्हणतो, “बरं झालं वेळेवर दोरी बांधलीत.” लोक विश्वास ठेवतात तो त्या डॉक्टरवर.

पडद्यावर कुणी सिगारेट ओढली तर खाली आरोग्याचा इशारा येतो. 2 ऑक्टोबर 2012 पासून तो चित्रपटांना आणि टीव्हीला लागू आहे, आणि 2023 पासून ओटीटीलाही. चित्रीकरणात घोडा वापरायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी घ्यावी लागते. दोन्ही नियम योग्य आहेत. आमची लस घोड्याच्याच रक्तापासून बनते, मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत ती वर्षानुवर्षं बनत आली, तेव्हा त्या मुक्या जनावराचे उपकार मी रोज पाहते. मग माणसावरच्या उपचाराचं दृश्य कुणी एकदा तपासून का पाहू नये?

माझी मागणी मोठी नाही. सर्पदंशाचं दृश्य असेल तेव्हा पडद्याच्या तळाशी, त्या दृश्याच्या भाषेत, ठळक पट्टी यावी: दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका, हातपाय हलवू देऊ नका, 108 ला फोन करा. एवढे शब्द पुरेत. आपल्या मंत्रालयाने वाहिन्यांना तशी सूचना काढावी, आणि चित्रपट प्रमाणन मंडळाकडे येणाऱ्या चित्रपटांनाही तेच लागू करावं. दक्षिणेतल्या आणि हिंदीतल्या मालिका मराठीत डब होऊन येतात, त्याही यात याव्यात, कारण दुपारच्या वेळी आमच्याकडे घरोघरी त्याच लागलेल्या असतात. आणि सह्याद्री वाहिनी तर प्रसार भारतीचीच. तिथे जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळच्या बातम्यांआधी एक मिनिट मिळालं तरी आमचं निम्मं काम हलकं होईल.

लेखकांच्या स्वातंत्र्यावर गदा येईल असं कुणी म्हणेल. मला नागिणीच्या मालिका बंद पाडायच्या नाहीत. माझी आई त्या आवडीने बघायची. पण लेखकांनी एक रात्र आमच्या कॅज्युअल्टीत बसून पाहावं. ती नळी टेबलावर उभी असते, 20 मिनिटं कुणी बोलत नाही, सगळ्यांची नजर घड्याळावर. मालिकेत एका सुईने माणूस उठतो. इथे एकाच माणसाला लसीच्या दहा-दहा व्हायल (बाटल्या) लागतात, मूल असलं तरी मात्रा तेवढीच, कारण सापाने विष सोडताना मूल आहे हे पाहिलेलं नसतं. लस चालू असताना कधी अंगावर पित्त उठतं, कधी रक्तदाब कोसळतो, तेही सांभाळायचं. बाहेर नातेवाईक ओरडत असतात, इंजेक्शन दिलंत ना, मग उठत का नाही? तो रागही पडद्यानेच त्यांना शिकवलेला असतो, आणि तो झेलते ती ड्यूटीवरची सिस्टर. शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी छोट्या गावात राहून विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध लागू पडतं हे दाखवून दिलं आणि हजारो जीव वाचले. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. मालिका लिहायला अशा खऱ्या गोष्टी कमी नाहीत.

पट्टीने लोक शिकणार आहेत का, असंही विचारलं जाईल. त्या 14 वर्षांच्या मुलाच्या भावाचं सांगते. गेल्या ऑक्टोबरमध्ये, कापणीच्या वेळी, तो शेजारच्या काकांना घेऊन आला. काकांनी जांभा दगडाच्या चिऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि फुरसं चावलं. हाताला फळी लावून, मोडलेलं हाड बांधतात तसा सैलसर रुमाल बांधलेला. अंगठी आणि घड्याळ आधीच काढून खिशात ठेवलेलं. चीर नाही, दोरी नाही. सापाला मारून पिशवीतून आणण्यातही वेळ घालवला नव्हता, कारण आमची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालते, हे मी त्याला सांगितलं होतं. चावल्यापासून 35 मिनिटांत ते आमच्यापुढे होते. काका पाचव्या दिवशी चालत घरी गेले.

त्याला हे सांगायला मला दोन मिनिटं लागली होती, तेही भाऊ बेडवर असताना. आपल्याकडे असलेल्या पडद्यावरून ते एका संध्याकाळी सगळ्या राज्याला सांगता येईल.

जूनमध्ये आवण (भाताची रोपं) लावायला सुरुवात होईल. ही सूचना त्याआधी निघावी, अशी हात जोडून विनंती करते. त्या पट्टीवर काय शब्द असावेत हे ठरवायला कुणी बोलावलं, तर मी रजा टाकून येईन.

आपली नम्र,
एक स्टाफ नर्स,
ग्रामीण रुग्णालय, जि. रत्नागिरी