शोधनिबंध सारांशावर संपत नाही

महोदय,

‘संशोधनातून सिद्ध झाले’ एवढ्या एका वाक्यावर आमच्या खानापूर तालुक्यात खते, बियाणी आणि काढे खपतात. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो, तरी एम.एस्सी.ची मुले अजून घरी येतात. मराठी शाळेतून आलेली, इंग्रजीची धास्ती घेतलेली. बहुतेकांनी शोधनिबंधाचा फक्त सारांश वाचलेला असतो.

परवा एका मुलीसोबत भाताच्या खतावरचा निबंध वाचला. उत्पादन वाढल्याचे सारांशात ठासून सांगितले होते. ‘पद्धती’ हा भाग उघडला, तर प्रयोग एकाच हंगामातला, एकाच शेतावरचा, तोही कालव्याच्या पाण्यावर. आमच्याकडचा भात बहुतांशी पावसावरचा! निबंधाचा जीव पद्धतीत असतो: किती वाफे, कोणते वाण, तुलना कशाशी. निरीक्षणांच्या तक्त्यात नुसते आकडे येतात. त्यांचा अर्थ लेखक चर्चेत लावतो. तो अर्थ न पटण्याचा वाचकाला पूर्ण हक्क आहे. अभ्यासाच्या मर्यादाही बहुधा चर्चेच्या शेवटीच सापडतात, आणि तिथवर कुणी पोचत नाही याचे मला वाईट वाटते.

१६६५ साली लंडनहून ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे विज्ञानाचे नियतकालिक निघू लागले, तेव्हा त्यातले पुष्कळ लेख पत्ररूपच असत. प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे, चर्चा हा साचा विसाव्या शतकात रूढ झाला. तो पदवीच्या पहिल्याच वर्षी मराठीतून समजावून सांगावा. आपणही संशोधनाची बातमी छापताना नियतकालिकाचे नाव, वर्ष आणि प्रयोग किती जणांवर वा किती शेतांवर झाला, हे जरूर द्यावे.

– एक निवृत्त ग्रंथपाल, खानापूर (जि. बेळगाव)