बाबा, ती दाढ काढून घ्या

लीड्स (इंग्लंड), रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. ड्यूटी, थंडी, जेवणखाण सगळं तुम्हाला माहीतच आहे. आई, वॉर्डातल्या त्या मुलाचं फोनवर बोलले आणि तू उगाच घाबरलीस. तो आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, आणि नाइटला मी एकटी नसते. ती काळजी सोड.

मला घोर बाबांचा आहे. दादा म्हणाला, वरच्या दाढेची सूज गालावर आलीय आणि तुम्ही मेडिकलमधल्या गोळ्यांवर दिवस काढताय. साखरपुडा उरकल्यावर बघू म्हणताय.

त्या मुलाचंही वरच्या दाढेपासूनच सुरू झालं. इथली एक रीत मला अजून पटत नाही. ताप असो, पोटदुखी असो, आधी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं. दात दुखला तर मात्र जीपी दाढेला हात लावत नाहीत, दातांच्या डॉक्टरकडे जा म्हणतात. सरकारी दरात बघणारे दातांचे डॉक्टर बऱ्याच ठिकाणी नवे पेशंट घेत नाहीत. मग 111 ला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या नंबरला फोन करायचा, त्यांच्या ढीगभर प्रश्नांना उत्तरं द्यायची, तेव्हा कुठे जायचं ते कळतं. खाजगीत जायचं तर खर्च फार. म्हणून लोक दुखणं अंगावर काढतात. त्यानंही काढलं.

आला तेव्हा ताप होता, डोकं ठणकत होतं, एक डोळा सुजून पुढे आलेला. माझ्या बोटाकडे बघ म्हणून बोट बाहेरच्या बाजूला नेलं, तर डोळा मधेच अडला आणि त्याला दोन बोटं दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डोळ्याची पापणीही सुजली. कॅव्हर्नस सायनस थ्रॉम्बोसिस. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना अशुद्ध रक्ताची एकेक पोकळी असते. मेंदूची मोठी धमनी तिच्यातूनच जाते, डोळा फिरवणाऱ्या नसाही तिथूनच. गालाच्या आणि वरच्या जबड्यामागच्या शिरा तिला जोडलेल्या असतात. दाढेतला जंतुसंसर्ग त्या वाटेनं वर चढला की तिथे गुठळी होते. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा यातून क्वचितच कुणी वाचायचं. आजही सगळे वाचत नाहीत.

त्याची दाढ काढली, पू काढला, शिरेतून अँटिबायोटिक अजून चालू आहे. रक्त पातळ करायचं औषध द्यावं का, यावर डॉक्टरांचं एकमत नसतं, त्याला दिलं. सुधारतोय.

बाबा, असं फार क्वचित होतं, तुम्हाला होईल असं मी म्हणत नाही. पण तुम्हाला शुगर आहे, आणि गोळ्यांनी ठणका थांबला तरी मुळाशी पू राहतोच. दाढ काढा नाहीतर रूट कॅनॉल करा, पण याच आठवड्यात. डोळा सुजला, एकाचे दोन दिसले, तापात डोकं फार दुखलं, तर रात्र असली तरी थेट सांगलीच्या मोठ्या हॉस्पिटलात जा.

मी तिथे असते तर स्कूटरवर बसवून नेलं असतं. दादाच्या साखरपुड्याला रजा मिळत नाहीये, वहिनींच्या घरच्यांना आई नीट समजावून सांगेलच. साडी माझ्याकडूनच घ्या. तीस हजार पाठवलेत. आई, ते हॉलच्या अॅडव्हान्सला घालू नकोस, दाढेचे आहेत. हॉलचे पुढच्या पगारातून देते. कोल्हापूरच्या स्थळाला नाही म्हणाले नाहीये, मुलाशी एकदा बोलू दे. आधी दाढेचा एक्स-रे मला पाठवायला दादाला सांगा.

तुमची,
वृषाली